एकशे सत्तर ग्रॅमचे आजोबा

काचवाल्या तात्यांचं एक ठरलेलं होतं: काच दिसली तर काम फसलं. तावदान असं बसलं पाहिजे की माणसाने बाहेर डोकावायला जावं आणि नाक आपटावं. अशी आपटलेली तीन नाकं त्यांच्याच गल्लीत होती, आणि तिन्हींचा त्यांना अभिमान होता. पस्तीस वर्षं काच कापली या माणसाने. हातावर एवढ्या रेघा, की आयुष्यरेषा कुठली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बोलणंही तसंच धारेचं. गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितलं की आधी त्याची हजेरी घ्यायची, मग माप.

अशा माणसाच्या घरी एका दुपारी सरडा आला, बरं का.

झालं असं, की एका खोलीतले भाडेकरू सोडून गेले आणि जाताना खिडकी फोडून गेले. घरमालकाने तात्यांना मापं घ्यायला बोलावलं. खोलीत एक मोडकी खुर्ची आणि कोपऱ्यात काचेची पेटी. पेटी इतकी मळलेली, की तात्यांनी खिडकीकडे बघायच्या आधी सवयीने फडकं काढलं आणि ती पुसली. पुसली तर आतून दोन डोळे! हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. अंगावर मांस म्हणाल तर शपथेलाही नाही. शेपटीच्या बुडाची हाडं मोजून घ्यावीत.

"फेकून द्या हो," घरमालक म्हणाला. "मेलाय तो."

तेवढ्यात मेलेल्याने एक डोळा मिटला आणि सावकाश उघडला.

"मेली असेल तुमची अक्कल," तात्या म्हणाले, आणि मापं न घेताच पेटी उचलून चालते झाले.

तात्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते. काकूंनी पेटी पाहिली आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "अहो, पाल दिसली की झाडू शोधणारी बाई मी. तुम्ही पालीचा बापच आणलात की घरात."

पण मग त्यांनी वाकून पाहिलं. तो जीव मान उचलायला बघत होता आणि मान काही उचलत नव्हती. काकूंचे पाय आपोआप खाली आले. "काय हो आजोबा," त्या म्हणाल्या, "ही काय दशा करून घेतलीत." दाढीमुळे आजोबा, आणि आजोबा म्हटल्यावर अहो-जाहो आलंच.

जनावरांची डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी, पण जिभेने तात्यांना तोडीस तोड. तिने आजोबांना काट्यावर ठेवलं. एकशे सत्तर ग्रॅम.

"याच्या दुप्पट हवं," ती म्हणाली. "हा बिअर्डेड ड्रॅगन. वाळवंटातला प्राणी. अंग तापलं तरच याचं पोट चालतं. पेटीची एक बाजू गरम ठेवा, दुसरी गार. वर हा खास दिवा लावा, यातून उन्हातले किरण मिळतात. पातळ खाणं सिरिंजने द्या, थेंबाथेंबाने. दहा दिवसांनी घेऊन या."

"आणि दहा दिवसांनी काय?" काकूंनी विचारलं.

"वजन चढलं तर लढू. उतरलं, तर त्याला उगाच तडफडत ठेवण्यात अर्थ नाही काकू. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल."

दहा दिवस! तात्यांच्या अंगात वारं शिरलं. त्या संध्याकाळी दुकानातली उत्तमातली उत्तम काच निघाली. कडा घासून गालासारख्या मऊ केल्या, बाजूला हवेसाठी भोकं पाडली, आणि ऊब पळून जाऊ नये म्हणून वर झाकण बसवलं. तेही काचेचं, पाण्यासारखं नितळ. झाकणाच्या वर दिवा. आत थर्मामीटर लावला, आकडा डॉक्टरणीने सांगितला तोच. गल्ली बघायला लोटली. समोरचा शिंपी म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याला तर महाल मिळाला." तात्या असे फुलले, की दोन गिऱ्हाइकांचं माप चुकलं तरी ते त्यांना ओरडले नाहीत.

काकू टॉवेलवर आजोबांना घेऊन बसायच्या आणि सिरिंजचा थेंब ओठावर टेकवायच्या. पहिल्या दिवशी हातमोजे होते, तिसऱ्या दिवशी ते कुठे गेले कोणाला ठाऊक. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. एकशे अडुसष्ट. एकशे पासष्ट. सहाव्या दिवशी एकशे बासष्ट.

"काटाच खोटा आहे," तात्या गरजले. साखरेचं न फोडलेलं पुडकं ठेवून पाहिलं. काटा खरा होता.

फोटो काढून डॉक्टरणीला पाठवले. तिने उलट कळवलं, सगळं बरोबर दिसतंय. सगळं बरोबर आणि आजोबा चालले! शेवटी संध्याकाळी दवाखाना आटोपून डॉक्टरीण स्वतःच आली. दिव्याखाली कितपत तापतंय हे बघायला तिने वरून पेटीत हात घातला, आणि टण्णकन बोटं आपटली.

"आई गं. काका, इथे काच आहे?"

तात्यांची छाती फुगली. "दिसली नाही ना?"

"काच ऊब आत सोडते, उजेड सोडते," ती बोटं चोळत म्हणाली, "पण ते खास किरण अडवते. त्यांच्याशिवाय खाल्लेलं हाडाला लागत नाही, अंगात ताकद येत नाही. सहा दिवस हा दिवा फुकट जळतोय."

"दिव्याखाली अंधार," काकू पुटपुटल्या.

तात्या खाली बसले. चूक झाली असती, हयगय झाली असती, तरी चाललं असतं हो. इथे जीव जात होता तो त्यांच्या उत्तम कामाने. मग एका झटक्यात उठले, झाकण ओढून काढलं, भिंतीला टेकवलं. जाळीला ते आयुष्यभर कोंबडीवाल्यांचं काम म्हणत आले होते. ती जाळी दुकान बंद व्हायच्या आत धावत जाऊन आणली आणि स्वतःच्या हाताने ठोकली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर, मध्ये काच नाही, काही नाही. एकीकडे काकू, अंग फार तापलं तर सावलीला म्हणून छत्री घेऊन, एकीकडे तात्या कावळ्यांना हाकलत.

आठव्या दिवशी आजोबांनी मान उचलली! नवव्या दिवशी काकूंनी भीत भीत एक नाकतोडा आत सोडला. आजोबांनी मान तिरकी केली, बघितलं, आणि चट्कन जीभ. "खाल्ला," काकू म्हणाल्या, "अहो, चावून खाल्ला." मग दुसरा, मग तिसरा, मग पालेभाजीचं पान. दहाव्या दिवशी सकाळी घरचा काटा म्हणाला एकशे त्र्याहत्तर. तीन ग्रॅम! तात्यांनी ते शिंप्याला खिडकीतून ओरडून सांगितलं.

दवाखान्यात बाकावर बरीच गर्दी होती. नंबर आला. डॉक्टरणीने खोक्यातून आजोबांना उचलून काट्यावर ठेवलं.

एकशे अडुसष्ट.

काकूंनी तात्यांचं मनगट धरलं. "सकाळी जास्त होतं," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढासा झाला. "मी खोटं बोलत नाही बाई. इंजेक्शन नका काढू. अजून चार दिवस द्या."

डॉक्टरीण काट्याकडे बघतच नव्हती. ती खोक्यातला टॉवेल उलगडत होती. त्यात आजोबांनी येता येता भरघोस कार्यक्रम उरकला होता. तिने तो निरखून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की काकू चक्रावल्या.

"मागच्या वेळी याच्या पोटात काही नव्हतंच. आज खाल्लं, पचवलं आणि बाहेर टाकलं. हेच तर चालत नव्हतं. काका, तुमचे पाच ग्रॅम इथे आहेत. आता हा जगणार."

काकूंनी तो टॉवेल तिच्या हातातून घेतला, त्याची नीट घडी केली आणि त्या ढसाढसा रडल्या. तात्या दार उघडून बाहेर आले. बाकावर एक मांजरवाली होती, एक पोपटवाला होता, दोन कुत्रेवाले होते.

"आमच्या आजोबांना शी झाली," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पोपटवाला उठला आणि त्याने तात्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.