नागपूर लागेपर्यंत

मुलांनो, तुम्ही कॉम्प्युटरवर अनोळखी माणसांना सल्ले विचारता, याची तुमच्या बाबांना काळजी वाटते. "आई, तू समजाव त्यांना," असं ते म्हणाले. मी समजावणार नाही. का, ते लिहून ठेवते. मी ऐंशी ओलांडली आहे आणि हे बाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात तुमचे आजोबा बँकेच्या बदलीवर नागपूरला होते. बाबांचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणून आम्ही दोघं कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या घरात राहिलो. ते दिवसभर बाहेर. मी पुण्याची, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, शेजारणी मान द्यायच्या, म्हणून बोलायच्या कमी. सासऱ्यांचा दवाखाना बंद झाला होता, त्यांचा फोन मात्र घरात राहिला होता. बुधवारी दुपारी मी नागपूरचा तीन मिनिटांचा ट्रंक कॉल बुक करायची. लाइन मिळायला दोन तास लागत, कधी चार. अजून लागलं नाही, हे सांगायला टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई मधूनमधून रिंग द्यायची. एकदा मी तिलाच विचारलं, लिंबाचं लोणचं कडू का होतं?

"थांबा वैनी, समद्यास्नी इचारते."

पाच मिनिटांत तिथल्या बाकीच्या ऑपरेटर बायकांची तीन उत्तरं आली, तिन्ही वेगळी. "आणि चौथी म्हणत्या, सासूला इचारा!"

तेव्हापासून मी आठवडाभर प्रश्न क्रमाने लिहून ठेवू लागले. क्रोशाचा चुकलेला टाका, गुलाबाच्या गळणाऱ्या कळ्या, मोलकरणीने साखर नेली तर बोलावं का. त्या बायकांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत.

एका सोमवारी बाबांच्या नावाचं परदेशी पाकीट आलं. मी ते फोडलं. तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. होकार लवकर कळवायचा होता. पाकीट मी साड्यांखाली ठेवलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "टपाल आलं?" मी म्हटलं, "नाही." मंगळवारीही तेच म्हटलं.

बुधवारी फोनवर मी सुरुवात केली, "माझी एक मैत्रीण आहे..." आणि सगळं तिच्या नावावर सांगितलं.

"एकुलता हाय व्हय?"

"हो."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग लपवू दे की! गेलेलं पोरगं माघारी येतंय व्हय?"

"तुझं नापास झालंय, म्हणून बोलत्यास," दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला. माझी नेहमीची बाई हसली नाही.

"वैनी, पत्रावर नाव कुणाचं हाय?"

"मुलाचं."

"मग तिनं फोडलंच कसं?"

मी लिहून ठेवलेला पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

"आजच देऊन टाका वैनी. आठ दिसांनी दिलंसा, तर एवढे दिवस का ठेवलं, ते बी सांगाय लागंल."

मैत्रीण तिने आपणहून वगळली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात, "नागपूर लागलं, बोला!"

आजोबांनी घरचं विचारलं. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे." पाकिटाबद्दल त्यांना एक शब्द बोलले नाही.

संध्याकाळी चहाबरोबर बाबांना पाकीट दिलं. ते फोडलेलं आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं नसावं. वाचलं, देवापुढे ठेवलं आणि मित्राला सांगायला सायकलवर निघून गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्या बुधवारी बाईने विचारलं, "मैत्रिणीनं दिलं का?"

"दिलं."

"बरं केलंसा." नागपूर अजून लागलं नव्हतं, तरी तिने लाइन तोडली नाही.

बाबा शिकायला परदेशी गेले. पुढे आजोबा परत आले, थेट डायलिंगही आलं. एकदा लोणच्याची बरणी घेऊन मी एक्स्चेंजच्या फाटकापर्यंत गेले. कुणाला भेटायचंय, असं रखवालदाराने विचारलं. मला नाव सांगता येईना, म्हणून परत आले.

आता घरात मी एकटीच असते. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांची सवय तेवढी राहिली आहे. तुमचा फोन मी लवकर ठेवते, तो त्यामुळे.