राणीच्या बागेत वाकलेला मामा

"मामा गेले गो..." मामीचा फोन आला तेव्हा मी पनवेलला घरी भाजी निवडत होते. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत सकाळी पाणी लावायला गेला, तिथेच जरा बसला आणि संपला. महिना होऊन गेला, तरी त्याच्याबद्दल 'होता' म्हणायला जीभ वळत नाही.

मामाइतका खमका माणूस मी पाहिलेला नाही. पण चक्रीवादळाने त्यालाही आडवं केलं. आजोबांच्या हातच्या पोफळी एका दुपारी भुईसपाट झाल्या आणि मामाने वाडीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. पर्यटकांच्या दोन खोल्या मामी सांभाळायची, हा नुसता ओटीवर बसून. पुन्हा रोपं लावायचा विषय काढला की म्हणायचा, "सुपारी धरायला सात वर्सं. तवर मी हाय का?" मामी एकदा मला हळूच म्हणाली, "झाडांचं सोड गो, मानूस चाललाय हातचा."

म्हणून मी त्याला माझ्याकडे आणलं आणि लेकीच्या हट्टाने मुंबईला राणीच्या बागेत नेलं. काचेमागच्या गारव्यात पोहणारे पेंग्विन बघून म्हणाला, "आपल्या पाव्हन्यांपेक्षा ह्यांची सोय बरी हाय." एवढंच. वाघ झोपलेला, तर त्याच्याकडे धड बघितलंही नाही. दमून आम्ही पिंजरे सोडले आणि जुन्या झाडांच्या सावलीतून चालू लागलो. एका उंच, पोफळीच्याच जातकुळीतल्या झाडाखाली लालसर फळांचा सडा पडला होता. आमच्याकडे वाडीत पडलेली सुपारी ओलांडून कुणी जात नाही, वेचूनच पुढे जायचं. मी वळून बघते तर मामा वाकलेला. टोपी काढून तिच्यात एकेक फळ गोळा करत होता. वादळानंतर तो झाडाखाली वाकलेला मी प्रथमच पाहत होते.

"काका, इथलं काही न्यायचं नाही हां," पहारेकरी म्हणाला.

मामा ओशाळला. "हाताची सवय हाय, दादा," म्हणत त्याने टोपी बुंध्याशी हलकेच रिकामी केली... आणि स्वतःशीच हसला.

त्या पावसाळ्यात त्याने रोपं लावली. सत्तरी उलटलेला माणूस, पण केळींच्या सावलीत एकेक रोप लेकरासारखं जपलं. मामीला पाणीसुद्धा लावू देईना. म्हणायचा, तू घाई करतेस. खरं तर घाई त्यालाच असायला हवी होती, आणि तीच त्याला नव्हती. याचं मला फार कौतुक वाटतं.

रोपं आता माझ्या डोक्यावर गेलीत. सुपारी अजून धरलेली नाही. गेल्या दिवाळीत मी त्याला विचारलं होतं, "कधी धरणार रे मामा?" बुंध्यातलं गवत काढता काढता, वर न बघता तो म्हणाला, "धरंल तवा धरंल. मी नसलो तरी वेचायला कोन तरी वाकंलच की."