महाल येताना बघायचा

नगरला पाहुणे आले की ऑफिसात हाक मलाच पडते. साहेबांची मेहुणी असो की बदली होऊन आलेल्या मॅडमची पोरं, त्यांना शहर दाखवायचं काम माझं. भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, रणगाड्यांचं संग्रहालय, फराहबाग, सगळं मला पाठ झालंय. सीना नदी मात्र मी पुलावरून गाडी न थांबवता दाखवते. पाहुणे वासामुळं काच वर करतात आणि विचारतात, नदी कुठाय? आता मीही सांगायचं सोडून दिलंय.

शेवटी डोंगरावरचा महाल. लोक महाल म्हणतात, पण ती एका सरदाराची कबर आहे, आठ कोनी, तीन मजली. गाडी थेट वर जाते, वारा सुटलेला असतो, फोटो छान येतात. मी इतिहास सांगते. हा डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो खालून, ऊसतोडीच्या ट्रकमधून, हे मात्र कधी सांगत नाही.

आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी आटोपली की आईवडिलांबरोबर मीही कारखान्यावर जायचे. भांडी, गोधड्या, शेळी आणि माणसं, सगळी एकाच ट्रकात. डोंगर जवळ आला की आई माझ्या तोंडावर पदर ओढायची. "जाताना बघायचं न्हाई. येताना बघायचं," म्हणायची. टोळीतल्या सगळ्याच बायका हे पाळायच्या. जाताना महाल बघितला की माणूस माघारी येत नाही, असा त्यांचा समज. पाच-सहा महिन्यांनी परतताना मात्र नगर मागं पडलं की आई मला हलवून जागं करायची, "ऊठ बये, महाल आला." महाल आला म्हणजे घर आलं, हातपाय धड घेऊन आलो.

वर कुणी राणी राहायची, असं आईला वाटे. "एकदा वर जाऊन बघू," हे ती दर वर्षी म्हणायची आणि ट्रक पुढं जायचा.

पुढं मी वसतिगृहात राहून शिकले, नोकरी लागली, नगरला खोली घेतली. वडील गेले. आई तरी टोळीबरोबर जातच राहिली. लेकीच्या घरी बसून खाणं तिला पटत नव्हतं. माझ्याकडं आली की महालाचा विषय निघायचाच. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी नेते. तो रविवार काही उजाडला नाही. खरं सांगायचं तर मी टाळत होते. तिचं बोलणं, चिरा पडलेले हात, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. वर ऑफिसातलं कुणी भेटलं तर? मला लाज वाटायची. गरिबीची वाटते, आईची नाही, असं मी मनाला समजवायचे. पण आईचीच वाटायची.

एका दिवाळीनंतर साहेबांच्या पाहुण्यांना घेऊन वर उभी होते. खाली रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "ही कोण माणसं?"

"असतील ऊसतोडीवाले," मी म्हणाले.

आई त्याच आठवड्यात निघणार होती. त्यातल्या एखाद्या ट्रकात ती असली, तरी जाताना ती वर बघणार नव्हती. तेव्हा मला याचं बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात आईचं पोट दुखायला लागलं. तिनं ते अंगावर काढलं. पाथर्डीच्या डॉक्टरांनी नगरला हलवा म्हणून सांगितलं, तेव्हा मी जीप करून तिला आणायला गेले. मागच्या सीटवर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोंगर आला तसा मी सवयीनं तिचा पदर तिच्या डोळ्यांवर ओढला. तिनं तो बाजूला सारला.

"जरा बसती कर मला."

"आई, जाताना बघत नसतात."

"बघू दे. येताना दिसंल न दिसंल."

मी जीप थांबवायला सांगितली. ती काचेतून बराच वेळ वर बघत राहिली. "वर नेऊ का?" मी विचारलं. तिनं मान हलवली, नको. मग म्हणाली, "तू गेल्तीस ना वर? काय काय हाय राणीचं?"

साहेबांच्या पाहुण्यांपुढं माझं तोंड थांबत नाही. आईला एवढंच सांगितलं की मोठमोठ्या कमानी आहेत, आत लई गार वाटतं. कबरीचं बोलले नाही. ड्रायव्हर उशीर होतोय म्हणाला आणि आम्ही निघालो.

चार दिवसांनी तिला त्याच रस्त्यानं गावी आणलं, रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या कापडात. नगर मागं पडलं, डोंगर दिसायला लागला. मी तिच्या खांद्याला हात लावला, थोडं हलवलं आणि म्हणाले, "ऊठ आई, महाल आला."