अकरा मिनिटांचा पाइप

आमच्या घरातला पहिला प्लास्टिकचा पाइप एकूण अकरा मिनिटं टिकला.

पासष्ट सालची गोष्ट. पनवेलच्या आमच्या घरी पाणी तापवायचा बंब मागच्या पडवीत आणि न्हाणीघर अंगणापलीकडे. माझ्या बायकोला, नलिनीला, सातवा महिना लागला होता. कढत पाण्याची बादली घेऊन रोज अंगण ओलांडणं तिला जड जात होतं. त्यात अलिबागहून सासऱ्यांचं पत्र आलं : 'रविवारी येतो. नलूचे हाल दिसले तर त्याच दिवशी घेऊन जाईन.' पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच. पण इतक्या लवकर? तिच्याशिवाय मला करमलं नसतं. (आणि स्वयंपाकही येत नव्हता.)

शनिवारी मी मुंबईला जाऊन काळ्या प्लास्टिकच्या पाइपाचं भलंमोठं भेंडोळं आणलं. एस.टी.त ते गळ्यात घालून बसलो, तर कंडक्टर म्हणाला, "साहेब, जिवंत आहे का हो?"

सासरे ओव्हरसियर होते. सगळा जन्म लोखंडी पाइपांत गेलेला. आल्या आल्या त्यांनी भेंडोळं बोटाने टोचून पाहिलं.

"हे काय, जावईबापू? खेळणं?"

"प्लास्टिक, बाबा! आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, हे नाही गंजत. वजन नाही, आटे पाडणं नाही, हवं तिथे वळवा! कारखान्यांत तेजाबसुद्धा यातूनच नेतात."

"तेजाबाचं राहू द्या. माझ्या आंघोळीचं बघा."

मी बंबाच्या तोटीला पाइप खोचला, सुतळीने करकचून बांधला आणि अंगणात चार खुंट ठोकून, त्यांवरून उतार देत न्हाणीत नेला. सासरे पंचा नेसून पाटावर बसले.

"नलू, तू जागची हलायचं नाहीस!" असं फर्मावून मी तोटी सोडली.

"वा!" आतून आवाज आला. माझी छाती फुगली. थोड्या वेळाने पाइप मऊ पडून दोन खुंटांच्या मधे लोंबायला लागला. मी तो काठीने उचलला, तर पुढचा भाग लोळला. तिकडे धावलो, तर तोटीवरचं टोक सुटलं, आणि कढत पाणी वाळत घातलेल्या फेण्यांवर!

"अहो, पाणी थांबलं! डोळ्यांत साबण गेलाय!" सासरे ओरडले.

दूध घालायला आलेली रोडपालीची भागाबाई दारातच थबकली. "अगो बाय! ह्यो पाइप हाय का शेवया?"

तेव्हा कुठे मला दुकानदाराचं वाक्य पूर्ण आठवलं. "गार पाण्याला एक नंबर," असं तो म्हणाला होता. मी त्यातलं 'एक नंबर' तेवढंच घेऊन घरी आलो होतो.

सासरे डोळे मिटून, चाचपडत बाहेर आले. "नलू, ट्रंक भर."

मला खरंच रडू यायला लागलं. "बाबा, तिला बादली उचलायला लागू नये म्हणूनच केलं हो सगळं!"

नलिनी हळूच म्हणाली, "अहो, मग बादली तुम्हीच का नाही उचलत?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती, पदरी सायन्सची डिग्री होती, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं!

मी धावत जाऊन बादली भरली आणि दोन्ही हातांनी ओढत, कण्हत, तीनदा टेकवत न्हाणीपर्यंत आणली. सासऱ्यांनी डोळे धुतले.

"राहू दे ट्रंक, नलू," ते म्हणाले. मग माझी धाप ऐकून त्यांनी काळजीने विचारलं, "जावईबापू, तुम्हाला कितवा?"