एका 'रा'च्या दोन मालकिणी

सोनईच्या भागवत पेंटरनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मालकांच्या पोरांची नावं लिहिली. मग फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळून गेले. पासष्टी उलटल्यावर त्यांच्याकडे नात राहायला आली. राजनंदिनी, वय वर्षं चार.

सून मोनिका नर्स. तिची बदली सोनईच्या दवाखान्यात झाली. मुलगा रविराज नोकरीपायी शहरात, सावेडीतच राहिला, रविवारी तेवढा यायचा. फ्लॅटच्या बंद दाराआड मोबाईल बघत वाढलेली पोर घरात चुरुचुरु बोलायची, पण परकं माणूस दिसलं की आईच्या ओढणीत तोंड खुपसायची. अंगणवाडीत पंधरा दिवस नुसती रडली.

"आबा, ही बोलेल ना हो चारचौघांत?" मोनिकाने विचारलं.

"बोलंल की. आधी बोलन्यासारखं कायतरी पायजे तिच्याकडं."

दुसऱ्या दिवशी भागवतनी अंगणातल्या भिंतीला चुना दिला आणि खडूने हातभर 'रा' काढला. "ह्यो तुझा. राजनंदिनीचा रा." नातीने त्यात निळा रंग भरला आणि जेवता जेवता दोनदा उठून बघून आली. आठवडाभरात तिला तो जिकडेतिकडे दिसू लागला. एसटी गेली की ओरडायची, "आबा, महाराष्ट्रात पण माझा रा आहे!"

एक दिवस शेजारची पाच वर्षांची, नातीपेक्षा वीतभर उंच राजेश्वरी आली. भिंत बघून म्हणाली, "ह्यो तर माझा रा!" आणि कोळशाने शेजारी आपला काढू लागली. राजनंदिनी धावत गेली आणि तिच्या मनगटाला कडकडून चावली.

भागवत ओरडले नाहीत. त्यांनी राजेश्वरीचा हात धुतला, तिला घरी पोचवलं आणि तिच्या आईची स्वतः माफी मागितली. पुढचे दोन दिवस अंगणात कुणीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भिंत पुन्हा पांढरी करून त्यांनी नवा 'रा' काढला, स्वतःच्या उंचीएवढा. त्याच्या उजवीकडे वरच्या ओळीत 'जनंदिनी', खालच्या ओळीत 'जेश्वरी'. नातीचं बोट धरून त्यांनी दोन्ही नावं वाचून दाखवली.

"रा एकच. हिकडून वर गेलं की तू, खाली गेलं की ती."

"पण आधी माझा होता."

"व्हय. मंग तुझ्यातला कमी झाला का कुठं? बघ नीट."

तिने खरंच नीट बघितलं. मग रंगवायला बसली. वरचा अर्धा भाग स्टुलावर चढूनही तिच्या हाताला येईना.

"आबा, राजेश्वरी का येत नाही?"

"चावलं कोन तिला? आता बोलवायचं कोनी?"

ब्रश हातात घेऊनच ती शेजारी गेली. भागवत कुंपणापाशी थांबले. पोर दारात उभी राहिली ती राहिलीच. निळा रंग कोपरापर्यंत ओघळला. आपणच हाक मारावी असं त्यांच्या फार मनात आलं, पण त्यांनी ओठ मिटून धरले.

"अर्धा रा राहिलाय," शेवटी बारीक आवाज आला. "येतेस?"

आतून राजेश्वरी म्हणाली, "चावशील?"

"नाही."

"लाल रंग हाय का?"

"आहे."

संध्याकाळी मोनिका घरी आली तेव्हा दोघी पोरी नखशिखांत रंगल्या होत्या आणि रा अर्धा निळा, अर्धा लाल झाला होता. ती बराच वेळ पर्स खांद्याला अडकवूनच बघत राहिली.

आता त्या भिंतीवर नऊ पोरांची नावं आहेत. ब्रश एकच. हवा असेल तर ज्याच्या हातात आहे त्याचं नाव घेऊन मागायचा, हा नियम राजनंदिनीनेच केला. अंगणवाडीत आता ती इतकी बोलते, की ताईंनाच तिला गप्प बस म्हणावं लागतं.

परवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी फाटकाशी उभी होती. राजनंदिनीने तिला नाव विचारलं. ती काही बोलेना. भागवत तोंड उघडणार, तोच नात वळून म्हणाली, "आबा, तुम्ही नका बोलू. ती सांगेल."

सगळी पोरं थांबली. बऱ्याच वेळाने मुलगी पुटपुटली, "संस्कृती."

"अरं देवा!" भागवत हसत खडू शोधू लागले. "ह्यात जोडाक्षर हाय. सरका, लई जागा लागंल."