थप्पीमागचा हात

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. आता तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच स्वतःला माझे जिवलग समजू नका. ऐका आणि गप्प बसा.

पनवेलमध्ये मला वक्ता म्हणून ओळखतात. नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझरची, पण रविवारी कुठे चर्चा असली की माईक माझ्याकडे येतो. बाई आणि पुरुष निसर्गानेच वेगळे घडवलेत, सरकारने कायदे केले म्हणून ते सारखे होत नाहीत — हे मी वीस वर्षं बोलतोय. आजही माझं मत तेच आहे. मतपरिवर्तनाची गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर इथूनच मागे फिरा. मत बाळगल्याची कबुली मी कशाला देऊ?

काही वर्षांपूर्वी वनिता आमच्याकडे फोर्कलिफ्टवर आली. विचुंब्याची, तिशीतली, रीतसर परवाना काढलेली. यंत्रावरची पहिलीच बाई. पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपली. का? काम वाईट होतं म्हणून? छे! वाईट असतं तर मी खूश झालो असतो. ती कधी चुकते म्हणून मी टपून बसायचो आणि ती चुकायची नाही — याचाच संताप यायचा.

आमच्याकडे एक पद्धत आहे. खोक्यांची थप्पी उंच असली की ऑपरेटरला समोरचं दिसत नाही. मग बाजूला एक माणूस उभा राहतो आणि तो हात करेल तसंच यंत्र हलतं. ऑपरेटरने आपली अक्कल चालवायची नाही. त्या दुपारी तो माणूस मी होतो. आणि मी काय करत होतो? — एका ट्रक ड्रायव्हरशी वाद घालत होतो. विषय सांगायला हवा? बायकांनी यंत्र चालवावं की नाही, हाच. माझी पाठ यंत्राकडे होती. वनिताने हॉर्न दिला. मी वळूनसुद्धा न पाहता हात हलवला — ये पुढे.

पुढे शिवराम नावाचा हमाल वाकून खोक्यांच्या तुटलेल्या पट्ट्या गोळा करत होता. त्याचा पाय मोडला.

चौकशीला वरचे साहेब बसले तेव्हा वनिता माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमीच हात केलात ना? सांगा ना यांना. मी माझ्या मनानं नाय हलवली."

मी सांगितलं — मी थांबायचा हात केला होता, बाई गोंधळली. ड्रायव्हर तोवर ट्रक घेऊन निघून गेला होता. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. तिला काढून टाकलं, आणि यापुढे यंत्रावर बाई नको असंही वरून आलं.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण मी तिथे थांबलो का? जोखमीच्या कामांवर बायकांना घेण्याचे नियम सैल करायचे की नाही, यावर गावात सभा झाली, तेव्हा मी उठून वनिताचीच गोष्ट सांगितली. नाव न घेता — सभ्य माणूस ना मी! ऐन वेळी बाईचा हात कापतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणालो. केवढ्या टाळ्या पडल्या. वीस वर्षं बोलत होतो, पण दाखवायला माझ्याकडे एकही उदाहरण नव्हतं. ते मी असं मिळवलं. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचाही मला तिटकारा येतो. एकाने तरी विचारायचं होतं, बाजूला उभा कोण होता?

त्यानंतरही ती गोष्ट मी चार-पाच ठिकाणी सांगितली. दर वेळी जरा रंगवून.

गेल्या आठवड्यात करंजाड्यात आमच्या सोसायटीच्या गल्लीत पाण्याच्या जारचा टेम्पो मागे येत होता. गल्ली चिंचोळी, दोन्ही बाजूंना गाड्या. सवयीने मी हात वर केला — येऊ दे, येऊ दे. टेम्पो जागीच थांबला. दार उघडून वनिता खाली उतरली. तिने मला ओळखलं. चालत मागे गेली, आपल्या डोळ्यांनी जागा बघितली, परत येऊन बसली आणि एका दमात टेम्पो मागे घेतला.

माझा हात तेवढा वेळ वरच होता.