समोशाच्या बोलीवर आलेले वाचक

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेवटी महिनाभर एखाद्या खऱ्या ग्रंथालयात, तिथल्या ग्रंथपालाच्या हाताखाली काम करावं लागतं. माझ्या वाट्याला विरार पूर्वेचं एक ग्रंथालय आलं. वाटलं, आता लोकांना पुस्तकं देईन. कसलं काय! सरांनी पहिल्याच दिवशी हातात कात्री आणि खाकी कागद ठेवला. “कव्हरं घाल. वर नावं लिहू नकोस, लोक मागतात.”

आजवर आपलं एकही पुस्तक हरवलं नाही, याचा सरांना केवढा अभिमान! हरवणार कसं? कपाटाबाहेर पडलं तर ना! कोणी चुकून आलंच तर सर म्हणायचे, “मोजणी चालू आहे, पुढच्या आठवड्यात या.” मोजणी बारमाही. मी आतल्या आत धुमसायचे आणि गप्प बसायचे, कारण मार्क त्यांच्या हातात. वटारला आमच्या घराजवळच्या शाळेत ग्रंथपालाची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. पास झाले तरच मिळणार होती.

मग निरोप आला, कॉलेजच्या मॅडम माझी वाचकसेवा बघायला येतायत. आता वाचक आणायचे कुठून? सरांनी फुलपाड्यातली आपली अख्खी बिल्डिंग उचलून आणली, चहा-समोशाच्या बोलीवर. पुढच्या टेबलाशी स्वतःच्या बायकोला बसवलं. प्रत्येकासमोर एकेक खाकी पुस्तक. उघडल्याशिवाय कोणाला काय आलंय ते कळेना. सोसायटीचे सेक्रेटरी तासभर कुक्कुटपालन वाचत होते, तेही मान डोलावत.

मॅडम खूश होऊन गेल्या. समोसे संपले, बिल्डिंग पांगली. सरांच्या बायको, काकू, मात्र उठेचनात.

“चल, ठेव ते,” सर म्हणाले.

“थांबा हो! गोष्टीतली बाई घर सोडून निघालीय, आता मधेच कशी टाकू तिला?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाय, माझं नाव घाल सभासदांत. घरी नेते हे.”

“खबरदार!” सर माझ्यावरच ओरडले. “तुझे मार्क अजून पाठवायचेत मी.” आणि काकूंना म्हणाले, “सभासद व्हायला ओळखीचं माणूस लागतं.”

“मग तुम्ही कोण?”

सर खरंच विचारात पडले. “नात्यातलं चालत नाही.”

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी पुस्तक मिटलं. माझं डोकं सणकलं. म्हटलं, गेली ती नोकरी खड्ड्यात!

“मी ओळखते यांना,” मी म्हणाले. “सकाळपासून ओळखते.” शिक्का मारला आणि पुस्तक काकूंच्या पिशवीत घातलं. घरी येऊन मात्र ढसाढसा रडले.

मार्क आले. वक्तशीरपणात पैकीच्या पैकी, वाचकसेवेत नापास. शाळेतली जागा दुसरीला गेली. त्या वर्षी त्या ग्रंथालयातून वाचकाच्या घरी गेलेलं एकमेव पुस्तक मी दिलेलं होतं.